सेवासमाप्ती करार

सेवासमाप्ती करार हा नोकरी संपवताना मालक आणि कर्मचारी यांच्यात होणारा लेखी करार होय. या करारान्वये कर्मचारी ठरावीक रक्कम स्वीकारतो आणि त्याबदल्यात नोकरीवरील तसेच नोकरीतून पुढे उद्भवू शकणाऱ्या दाव्यांवरील हक्क सोडतो. महाराष्ट्रात अशा करारांचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना. बोलीभाषेत तिला 'व्हीआरएस' म्हणतात, तर लहान कारखान्यांत आणि दुकानांत याच व्यवहाराला नुसते 'हिशेब घेणे' किंवा 'फुल अँड फायनल' म्हटले जाते. नाव काहीही असले तरी सही करण्यापूर्वी कर्मचाऱ्यासमोरचा प्रश्न एकच असतो. देऊ केलेल्या रकमेपैकी कायद्याने आधीच त्याची असलेली रक्कम किती आणि हक्क सोडण्याचा मोबदला म्हणून मिळणारी रक्कम किती, हा तो प्रश्न होय.

राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती आणि कामगार कपात

नोकरी संपण्याचे हे तीन मार्ग कागदावर जवळजवळ सारखे दिसतात, परंतु त्यांचे परिणाम वेगळे असतात. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील 'कामगार कपात' या संज्ञेच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती स्पष्टपणे वगळलेली आहे. मालकाने कपात केली तर कलम २५-एफ नुसार एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. कामगाराने स्वतः राजीनामा दिल्यास यांपैकी काहीही देय होत नाही. त्यामुळे मंदीच्या काळात कामगाराला बोलावून 'राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो' असे सांगितले जाते, तेव्हा त्या एका शब्दाने कपातीची भरपाई नाहीशी होत असते.

कर्मचारी राज्य विमा योजनेत हा फरक आणखी ठळक दिसतो. किमान पाच वर्षे विमाधारक असलेली व्यक्ती नियत वयोमानाने किंवा स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली निवृत्त झाल्यास वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवू शकते. साध्या राजीनाम्याने नोकरी सोडणाऱ्यास ही सवलत मिळत नाही. याउलट, याच महामंडळाने २०१८ मध्ये सुरू केलेली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना अनैच्छिक बेरोजगारीसाठी असल्यामुळे स्वेच्छानिवृत्त व्यक्तीला लागू होत नाही. दाखल्यावर नोकरी संपण्याचे कारण काय लिहिले आहे, यावर या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

निवृत्तिवेतनाची बाब बहुतेक वेळा विसरली जाते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अंतर्गत मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची पात्र सेवा आवश्यक असते. ५० वर्षांनंतर ते लवकर सुरू करता येते, परंतु ५८ वर्षांस जितकी वर्षे कमी तितक्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कपात होते. साडेनऊ वर्षांच्या आत-बाहेर सेवा झालेल्या कामगाराने काही महिने आधी सही करणे आणि नंतर करणे यांत आयुष्यभराचा फरक पडू शकतो.

रकमेचा हिशेब

उपदान म्हणजेच ग्रॅच्युइटी ही करारातील सवलत नसून वैधानिक देणे आहे. उपदान प्रदान अधिनियम, १९७२ नुसार पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, कर्मचाऱ्याने राजीनामा दिला तरीही, ती देय होते. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या शेवटच्या मासिक रकमेला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि आलेल्या संख्येला सेवेच्या वर्षांनी गुणायचे, अशी तिची रीत आहे. २९ मार्च २०१८ पासून तिची कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे. या अधिनियमाचे कलम १४ त्याच्याशी विसंगत असलेल्या कोणत्याही करारावर मात करते, म्हणून 'मी ग्रॅच्युइटीचा हक्क सोडत आहे' अशा वाक्यावर केलेली सही निष्फळ ठरते. देय झाल्यापासून तीस दिवसांत ती न दिल्यास त्यावर व्याज द्यावे लागते आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने तिच्यावर जप्ती आणता येत नाही.

समजा, एका कामगाराची सेवा १८ वर्षे झाली असून मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून त्याला दरमहा १८,००० रुपये मिळतात. अन्य भत्ते नाहीत. त्याची ग्रॅच्युइटी सुमारे १,८६,९२३ रुपये होते. मालकाने त्याची कपात केली असती तर प्रतिवर्षी अर्ध्या महिन्याच्या वेतनाप्रमाणे १,६२,००० रुपये भरपाई आणि नोटिशीबद्दल १८,००० रुपये द्यावे लागले असते. ही बेरीज ३,६६,९२३ रुपये होते. आता त्याच्यासमोर 'सर्व मिळून चार लाख' असा प्रस्ताव आला, तर हक्क सोडण्याचा खरा मोबदला जेमतेम ३३,००० रुपये, म्हणजे दोन महिन्यांच्या वेतनाहूनही कमी ठरतो. शिल्लक रजेचे वेतन आणि चालू वर्षाचा बोनस याच चार लाखांत धरला असल्यास तोही उरत नाही. कारखाने अधिनियमाखाली शिल्लक भरपगारी रजेचे पैसे आणि बोनस प्रदान अधिनियमाखाली किमान ८.३३ टक्के बोनस ही देणी स्वतंत्र आहेत. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम तर मालकाची नसतेच, तरीही ती प्रस्तावाच्या बेरजेत दाखवून आकडा मोठा करण्याची पद्धत आढळते.

मोठ्या योजनांमधील दर तुलनेसाठी उपयोगी पडतात. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांसाठी १९८८ मध्ये आलेल्या योजनेत प्रत्येक पूर्ण वर्षामागे ४५ दिवसांचे वेतन किंवा उरलेल्या महिन्यांचे वेतन, यांपैकी कमी असेल ते मिळे. पुढे 'गुजरात पद्धत' म्हणून प्रसिद्ध झालेल्या सूत्रात झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवस आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवस असा हिशेब असतो. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी २००० मध्ये राबवलेल्या योजनेत प्रतिवर्ष ६० दिवसांचा दर होता आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. नोव्हेंबर २०१९ मध्ये बीएसएनएल व एमटीएनएल या कंपन्यांनी ५० वर्षांवरील कर्मचाऱ्यांसाठी गुजरात पद्धतीने योजना जाहीर केली. बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक आणि एमटीएनएलचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी निवृत्त झाले. या सर्व योजनांत सानुग्रह रक्कम ग्रॅच्युइटी व भविष्य निर्वाह निधी यांच्याव्यतिरिक्त होती. खासगी मालकाच्या प्रस्तावाशी तुलना करताना हाच मुद्दा प्रथम पाहावा लागतो.

कराच्या बाबतीत १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(१०सी) अन्वये स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईपैकी पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम आयुष्यात एकदाच करमुक्त ठरे. त्यासाठी योजना सर्व कर्मचाऱ्यांना खुली असणे, कर्मचाऱ्याची दहा वर्षे सेवा किंवा वयाची चाळीस वर्षे पूर्ण असणे आणि रिक्त जागा पुन्हा न भरणे अशा अटी होत्या. एकाच व्यक्तीसाठी खासगीत ठरवलेल्या रकमेला केवळ 'व्हीआरएस' असे शीर्षक दिल्याने ही सूट आपोआप मिळत नसे.

मुंबईतील गिरण्या आणि सातारा-सांगलीचे कामगार

सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील गावांना हा विषय कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, तर मुंबईच्या कापड गिरण्यांमधून समजला. घाटावरच्या या जिल्ह्यांतून आणि कोकणातून गिरणगावात गेलेल्या कामगारांच्या अनेक पिढ्या होत्या. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे हेही तरुणपणी गिरणी कामगार होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. कायदेशीर अडचण अशी होती की मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार कापड उद्योगात 'प्रातिनिधिक संघ' म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मान्यता होती आणि कामगारांच्या वतीने मालकांशी करार करण्याचा अधिकार त्याच संघाकडे होता. बहुसंख्य संपकरी ज्या नेत्यामागे होते त्याची सही कायद्याने चालत नव्हती आणि ज्या संघाची सही चालत होती त्याच्यामागे संपकरी नव्हते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट करून दिली. त्यानंतर खासगी गिरण्यांत, तसेच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना एकामागून एक आल्या. गिरणी पुन्हा सुरू होण्याची आशा मावळत असताना दिलेला अर्ज कितपत स्वेच्छेचा म्हणावा, हा वाद कामगार चळवळीत तेव्हापासून चालत आला आहे.

या प्रकरणात पुढे एक अनपेक्षित वळण आले. गिरण्यांच्या जमिनींवरील गृहनिर्माणात कामगारांना घरे देण्याचे धोरण ठरले, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असणे ही पात्रतेची मुख्य कसोटी ठरली. हिशेब घेऊन गावी परतलेले कामगार व त्यांचे वारसही त्यामुळे पात्र ठरले. म्हाडाकडे सुमारे दीड लाख अर्ज आले आणि २०१२ मध्ये मोठी सोडत निघाली. गिरणीचे ओळखपत्र, हजेरीचा पास, भविष्य निर्वाह निधीची पावती, ईएसआयचे कार्ड यांपैकी एखादा कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या कुटुंबांना याचा उपयोग झाला. हिशेबाबरोबर सर्व कागद परत करून आलेल्यांना तीस वर्षांपूर्वीची नोकरी सिद्ध करणे अवघड गेले.

इस्लामपूर परिसर

वाळवा तालुक्याचे मुख्यालय असलेल्या इस्लामपूर येथे (जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने शहराचे नाव 'ईश्वरपूर' करण्याची घोषणा केली) आणि आसपासच्या भागात नोकरी देणारे घटक प्रामुख्याने तीन प्रकारचे आहेत: सहकारी साखर कारखाने व त्यांच्याशी संलग्न संस्था, औद्योगिक वसाहतीतील लहान-मध्यम कारखाने, आणि बँका, पतसंस्था, दूध संघ व शिक्षणसंस्था. साखराळे येथील राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखाना, वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात रेठरे बुद्रुक येथील कृष्णा कारखाना हे पहिल्या प्रकारातील मोठे घटक होत.

साखर उद्योगाची काही खास वैशिष्ट्ये करार वाचताना लक्षात घ्यावी लागतात. हंगामी कामगाराची ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे नव्हे, तर प्रत्येक हंगामामागे सात दिवसांच्या वेतनाप्रमाणे मोजली जाते. त्यामुळे कामगार 'कायम' कधी झाला याची तारीख रकमेत मोठा फरक पाडते. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कपातीपूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागण्याचे औद्योगिक विवाद अधिनियमातील बंधन हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना लागू नव्हते. शिवाय साखर उद्योग कापड उद्योगाप्रमाणेच १९४६ च्या राज्य अधिनियमाखाली येत असल्याने प्रातिनिधिक संघाने केलेला समझोता वैयक्तिक कामगारावरही बंधनकारक ठरू शकतो. गिरणी कामगारांच्या अनुभवातून हे स्पष्टच झाले आहे.

औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यात मात्र संघटना नसल्याने कामगाराला एकट्यानेच निर्णय घ्यावा लागतो. येथे एक स्थानिक वस्तुस्थिती महत्त्वाची ठरते: सेवक पतसंस्थेचे किंवा नागरी पतसंस्थेचे कर्ज. सहकाऱ्यांनी एकमेकांना जामीन राहण्याची पद्धत सर्वत्र असल्यामुळे एकाने हिशेब घेतला की थकबाकीचा तगादा कामावर उरलेल्या दोघांकडे जातो. त्यामुळे करारातील 'सर्व देणी वजा करून' या शब्दांचा अर्थ आकड्यांत लिहून घेणे कामगारासाठी जितके आवश्यक असते तितकेच जामीनदारांसाठीही असते. एकरकमी पैशाला गावात इतर वाटाही असतात, जसे विहीर, पाइपलाइन, मुलीचे लग्न, घराचा स्लॅब. पगार बंद झाल्यावरच्या पहिल्या वर्षाचा खर्च त्यांत बहुधा धरलेला नसतो.

वाद उद्भवल्यास सांगली येथील सहाय्यक कामगार आयुक्तांचे कार्यालय आणि कामगार न्यायालय ही जवळची ठिकाणे आहेत. मालकाने करारानुसार पैसे दिले नाहीत तर ती महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१ खाली अनुचित प्रथा ठरते. तिच्याविरुद्धची तक्रार नव्वद दिवसांच्या आत करावी लागते.

सहीनंतर माघार

सही करून दिलेला अर्ज मागे घेता येतो का, याचे उत्तर मुख्यतः बँकांच्या २००० मधील योजनेवरील खटल्यांतून मिळाले. बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये असे ठरवले की मालकाने जाहीर केलेली योजना हे केवळ प्रस्ताव मागवणारे निमंत्रण असते. प्रस्ताव असतो तो कर्मचाऱ्याचा अर्ज. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५ नुसार प्रस्ताव स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो. म्हणून 'एकदा दिलेला अर्ज मागे घेता येणार नाही' ही योजनेतील अट बँकांना आधार देऊ शकली नाही. मात्र ज्यांनी पैसे घेतले होते त्यांना माघारीचा मार्ग न्यायालयाने खुला ठेवला नाही. पुढच्याच वर्षी ए. के. बिंदल प्रकरणात न्यायालयाने म्हटले की स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेतल्यावर मालक-नोकर संबंध संपुष्टात येतो आणि मागील काळातील वेतनवाढीची मागणीही त्यानंतर करता येत नाही. थोडक्यात, व्यवहारात निर्णायक क्षण सहीचा नसून रक्कम स्वीकारण्याचा असतो. वेतनकराराची बोलणी चालू असताना बाहेर पडणाऱ्याने त्या फरकाचा उल्लेख करारातच करून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

जबरदस्ती, अनुचित प्रभाव, कपट किंवा दिशाभूल यांमुळे दिलेली संमती करार अधिनियमाने शून्यनीय मानली आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब (२००८) या विमाविषयक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'पूर्ण व अंतिम' अशा पावतीवर सही असली तरी ती दबावाखाली घेतली गेल्याचा दावा तपासता येतो, असे म्हटले. परंतु नंतरच्या निकालांत नुसता आरोप पुरेसा नाही, आधार दाखवावा लागतो, हेही स्पष्ट झाले. अनेक महिन्यांनी प्रथमच केलेली दबावाची तक्रार टिकणे कठीण असते. रक्कम घेताना 'हरकत राखून स्वीकारली' असे लिहिणे किंवा त्याच आठवड्यात पोचपावतीसह पत्र पाठवणे याला त्यामुळे अर्थ येतो.

करारातील इतर अटी

नोकरी सोडल्यावर त्याच व्यवसायात काम करू नये, ही अट अनेक करारांत छापलेली असते. करार अधिनियमाच्या कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारा करार शून्य असतो. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग (१९६७) या कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याशी संबंधित खटल्यात कर्मचाऱ्यावरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला होता. मात्र तो पाच वर्षांच्या कराराची मुदत चालू असतानाचा होता. मुदत संपल्यानंतरचे निर्बंध न्यायालये सामान्यतः मान्य करत नाहीत. व्यवसायाची गुपिते न फोडण्याची अट मात्र वैध असते.

अनुभवाचा दाखला, वर्तनाविषयीचा उल्लेख, प्रलंबित चौकशी मागे घेणे, कंपनीच्या घराचा ताबा सोडण्याची मुदत आणि पैसे देण्याची तारीख या बाबी रकमेपेक्षा दुय्यम वाटतात, पण त्यांवरूनच नंतर सर्वाधिक कटुता येते. 'लवकरात लवकर' हा शब्द तारीख नव्हे.

काही वेळा कामगारांना रकमेपेक्षा नोकरीच हवी असते. तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबल्यानंतर कंपनीने विभक्त होण्यासाठीची रक्कम देऊ केली, तर कामगार संघटनेने कारखाना घेणाऱ्या नव्या मालकाकडे नोकरी मिळावी अशी मागणी धरून ठेवली. हा संघर्ष कारखाना ह्युंदाईकडे जाण्याचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये होईपर्यंत आणि त्यानंतरही चालला.

श्रमसंहिता

केंद्र शासनाच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. औद्योगिक विवाद अधिनियम आणि उपदान प्रदान अधिनियम यांतील तरतुदी आता त्यांत सामावलेल्या आहेत. पंधरा दिवसांच्या दराचे मूळ सूत्र कायम आहे. वेतन संहितेनुसार राजीनामा, कपात किंवा बडतर्फी यांनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करावे लागते. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरचा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवलेल्या कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी वाढू शकते. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यास एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते. दुसऱ्या बाजूस, कपात व कारखाना बंद करण्यासाठी पूर्वपरवानगीची कामगारसंख्येची मर्यादा शंभरवरून तीनशेवर गेली आहे. मधल्या आकाराच्या कारखान्यांतील कामगारांची वाटाघाटीतील बाजू त्यामुळे दुबळी झाली, असा कामगार संघटनांचा आक्षेप आहे.

इतर देशांत

अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार चाळीस वर्षांवरील कर्मचाऱ्याकडून वयावरून होणाऱ्या भेदभावाचा दावा सोडून घ्यायचा असल्यास त्याला विचारासाठी किमान २१ दिवस, सामूहिक योजनेत ४५ दिवस, आणि सही केल्यानंतर माघारीसाठी सात दिवस द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्याने स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय वैधानिक दावे सोडणारा करार ग्राह्य धरला जात नाही. भारतात खासगी करारांसाठी विचाराची अशी सक्तीची मुदत नाही. मोठ्या योजनांत महिनाभराची मुदत दिली जाते, बीएसएनएलच्या योजनेत ती ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ अशी होती, तर लहान कारखान्यात कागद समोर ठेवून त्याच दिवशी सही मागितली जाऊ शकते. कराराची प्रत घरी नेऊन वाचण्यासाठी लेखी मुदत मागण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.